कॅरिअर कोणी धरलं होतं?

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण एकदाही प्रतिक्रिया दिली नाही. खरं सांगायचं तर विश्वासच बसायचा नाही. गोंदियात माझं चष्म्यांचं दुकान आहे. माणसाला डोळे किती सहज फसवतात हे रोज पाहतो. कुणी 'सावली दिसली' म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न — नंबर वाढला असेल का? तरी आज लिहायला बसलोय. कारण हे मी स्वतः पाहिलं, भर सकाळच्या उन्हात, डोळ्यांवर चष्मा असताना.

गोष्ट २०१३ची. त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको शोभा माहेराहून, म्हणजे देवरीहून, स्कूटीवर येत होती. हायवेवर मागून आलेला एक ट्रक तिला घासून गेला. मांडीचं हाड मोडलं. पुढे हाड जुळलं, काठी सुटली... भीती काही सुटली नाही. मागून कुठल्याही गाडीचा आवाज आला की ती जागच्या जागी थिजायची. बाजारात जायचं तरी भिंतीला घासून चालायची. मग बाजारही बंद झाला. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेतून रजेवर होती आणि आता नोकरीच सोडायची भाषा करू लागली होती.

डॉक्टर म्हणाले, पायासाठी सायकल चालवा. घरी आल्यावर शोभा म्हणाली, "जिथं एकबी गाडी येत नाही असा रस्ता दाखवा मले. मंग चालवतो मी."

तिनं विषय टाळायला म्हटलं होतं. मी मनावर घेतलं.

दुकान बंद असेल त्या दिवशी सायकल काढायची आणि हिंडायचं, असं सुरू केलं. तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, पाहिले, कालव्याच्या कडेचे रस्ते पाहिले. सगळीकडे कुठून तरी एखादी मोटरसायकल उगवायचीच! शेवटी सालेकसाच्या पुढे, छत्तीसगडच्या सीमेकडे, दोन डोंगरांच्या मधल्या दरीत एक जुना मुरमाचा रस्ता सापडला. डोंगराच्या पलीकडून डांबरी सडक झाली तेव्हापासून गाड्या तिकडून जातात. इकडून फक्त बैल, पायी माणसं, आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया. दरी सपाट, मग एक चढ, वर खिंड, आणि पलीकडे लांब उतार. उताराच्या पायथ्याशी नाला, त्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. उन्हाळ्यात मी शेवटपर्यंत जाऊन आलो होतो. रस्ता झकास होता.

पावसाळा संपल्यावर शोभाला घेऊन गेलो. सालेकसात माझ्या मावसभावाकडे आम्ही दोघांच्या सायकली ठेवल्या होत्या. रेल्वेनं जायचं, तिथून सायकलनं पुढं. पहिल्या खेपेला ती थोडंसंच चालवून उतरली. पण उतरल्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कडेला नाही — मधोमध! किती महिन्यांनी पाहिलं मी ते. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं, कुठं तरी एक माणूस बैलांना हाका घालत होता, बाकी काही आवाज नाही.

"बाप्पा, किती चूप आहे इथं," ती म्हणाली, आणि हसली.

असे काही रविवार गेले. मग एका सकाळी तीच म्हणाली, आज खिंड चढू. चढली, थांबत थांबत, पण चढली. वर पाणी प्यायलो. पलीकडचा उतार पाहून मी म्हटलं, मी पुढे होतो. तर म्हणाली, "नाही जी. तुमी मागं राहा. मागं तुमी आहा हे माहीत असलं का बरं वाटते."

म्हणून ती पुढे, मी मागे.

अर्धा उतार नीट गेला. मग मला तिच्या सायकलजवळ 'टण्' असा बारीक आवाज आला. तिनं मागचा ब्रेक दाबला होता आणि वायर तुटली होती. ती ओरडली, "अजी, ब्रेक!" मी ओरडलो, पुढचा दाब, हळू दाब! पण मुरमात पुढचं चाक घसरायला लागलं तशी तिनं घाबरून तोही सोडून दिला. सायकल सुटली. मी जीव खाऊन पेडल मारत होतो तरी अंतर वाढतच होतं...

आणि तेव्हा मला खाली नाला दिसला. रपटा नव्हता. पावसाळ्यात वाहून गेला होता. रस्ता जिथं संपत होता तिथं सरळ खड्डा, खाली मोठमोठे दगड.

पुढचं जसं पाहिलं तसं लिहितो, एकही शब्द वाढवत नाही.

शोभाच्या सायकलचं मागचं चाक जरासं दबलं, जसं कुणी कॅरिअरवर हातांचा भार टाकल्यावर दबतं. तिची ओढणी मागे उडत होती, ती खाली पडली. सायकलचा वेग कमी होत गेला. झटका नाही, धडपड नाही. आपण लहान पोराला सायकल शिकवताना मागून धरून जशी थांबवतो, अगदी तशी. तिचे दोन्ही पाय पेडलवर होते, ब्रेकवर हात नव्हता. खड्ड्याच्या काठाशी सायकल उभी राहिली, आणि शोभानं एक पाय जमिनीवर टेकवला.

मी पोचलो आणि सायकलवरून उतरलो. ती शांत होती. मागे वळून माझ्याकडे पाहून म्हणाली, "सोडलं काऊन नाही अजून?"

"काय सोडलं?"

"कॅरिअर. तुमीच धरलं होतं ना?"

मी तर आत्ता पोचत होतो. माझी सायकल माझ्या हातात होती. ती हळूच म्हणाली, "मंग कोन बोललं?" तिला मागून धापा टाकत धावणाऱ्या माणसासारखा श्वास ऐकू आला होता आणि शब्द — "मागं नको पाहू. समोर पाह." आवाज बाईचा की माणसाचा, तिला सांगता येईना. ओळखीचा नव्हता, एवढं मात्र ती ठामपणे सांगते.

नाल्याच्या पलीकडे एक म्हातारी गवत कापत होती. ती विळा टाकून काठावर आली.

"वाचली वो बाई! मी त समजली, गेली आता खाली. थांबवली कशी?"

"नाही थांबवली मी," शोभा म्हणाली.

म्हातारीनं रस्त्याकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग पुन्हा गवत कापायला बसली.

मी तिथंच माती तपासली. चाकांच्या नक्षीचे ठसे स्वच्छ उमटले होते, म्हणजे चाक अडकून घसरत आलं नव्हतं, फिरत आलं होतं. मागे पावलांचे ठसे नाहीत. साखळीत काही अडकलेलं नाही. पुढच्या आठवड्यात माझा मित्र हेमंतला घेऊन गेलो. तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अडवायला उतारावर आडव्या फांद्या टाकल्या आणि मी त्याच सायकलवर, ब्रेक न लावता, पुन्हा पुन्हा खाली आलो. प्रत्येक वेळी फांद्यांत जाऊन पडलो, तेही चांगल्या वेगानं. हेमंत कोपर चोळणाऱ्या माझ्याकडे पाहून म्हणाला, "यार, काहीतरी कारण असेलच. पण मला नाही सापडत."

शोभा वाचली त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मी शोभाला म्हटलं होतं, तू इथंच बस, गावातून कुणाला तरी घेऊन येतो. तिनं ऐकलं नाही. माझी सायकल ओढून घेतली आणि खिंडीकडे तोंड करून बसली. "तुमी आणा ते तुटकी," म्हणाली. पूर्ण चढ ती चालवत गेली, आणि मी तिची सायकल ढकलत मागे. वरून तिची हाक आली, तेव्हा मला रडू आलं, ते उगाच लपवत नाही.

डिसेंबरात ती शाळेत रुजू झाली. त्या दरीतल्या रस्त्यावर आता तिच्यासोबत तिच्या शाळेतल्या दोघी मॅडमही येतात. नाल्याच्या अलीकडूनच वळतात. गेल्या वर्षी ती देवरीला, आईकडे, हायवेनं स्कूटी चालवत गेली. एकटी. मी दुकानात बसून मोबाईलकडे बघत होतो.

काय झालं होतं त्या उतारावर, मला आजही माहीत नाही. कुणाला समजलं तर जरूर सांगा. फक्त 'भास' म्हणू नका, कारण थांबलेली सायकल भास नव्हती.

परवा मी शोभाला विचारलं, "तो आवाज पुन्हा कधी आला का गं?"

ती शाळेची पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. आता कायले येईल?"