चुलत रक्तचंदन

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीच्या दाराची एकेक खोली मिळाली होती. लोक तिथे सायकली, हिवाळी टायर आणि मुलांचे जुने पाळणे ठेवायचे. आमच्या शेजारच्या खोलीत मात्र एका म्हाताऱ्याने चक्क कारखाना थाटला होता. तो आमच्याच मजल्यावर राहायचा. बायको गेलेली, स्वतः निवृत्त सुतार. तरुणपणी बोटीवर सुतारकाम करत पॅसिफिकच्या बेटांवर गेला होता आणि तिथून टिकी कोरायचा नाद घेऊन आला होता. टिकी म्हणजे तिकडच्या लोकांचे लाकडी पूर्वज किंवा देव. मोठं डोकं, आ वासलेलं तोंड, गुडघ्यांत वाकलेले आखूड पाय आणि पोटावर ठेवलेले हात. खऱ्या टिकी म्हणे पुरुषभर उंच असतात. म्हाताऱ्याच्या अंगठ्याएवढ्या असायच्या.

मी एकदा टायर आणायला खाली गेलो, तर त्याने माझ्या हातात एक तुकडा ठेवला आणि कसलं लाकूड ते ओळखायला सांगितलं. मी वास घेतला आणि साग म्हणालो. 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत त्याने मला स्टुलावर बसवलं आणि पुढची दोन वर्षं मी तिथून उठलो नाही असं माझी बायको म्हणायची. माझं नाव त्याला कधीच जमलं नाही. तो मला 'हेर नाखबार' म्हणायचा, म्हणजे शेजारीबुवा.

त्याच्याकडे देशोदेशीच्या लाकडांचे तुकडे होते. एका फर्निचरच्या कारखान्यातून तो ते पूर्वी गोळा करून आणायचा. काळं वेंगे, त्याची सळ बोटात गेली की दोन दिवस ठणकते. पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रानो. पाण्यात टाकलं तर बुडेल असं जड पॉकहोल्त्स, त्यावर पटाशी नुसती घसरते. आणि आफ्रिकेतलं पाडुक. पाडुक कापलं की आत लालभडक निघायचं आणि भुसा सगळीकडे उडायचा. पहिल्यांदा पाडुक कापून वर आलो तेव्हा माझ्या बाह्या, भुवया, सगळं लाल झालं होतं. बायकोने दारातच विचारलं, कुठली निवडणूक जिंकलात? लाकडाचं नाव सांगितलं तर म्हणाली, पादुका? कोणाच्या? तेव्हापासून आमच्या घरात त्या लाकडाचं नाव पादुकाच पडलं.

टिकी कोरताना म्हातारा तोंडापासून सुरुवात करायचा. तोंड बसलं की बाकीची आपोआप येते म्हणायचा. माझी पहिली टिकी बढती हुकलेल्या कारकुनासारखी दिसत होती. पण हात बसला. लाकडाच्या रेषा कुठे वळतात, पटाशी कुठून घातली की ढलपी न उडता साल निघते, हे कळायला लागलं. मग एक टिकी मी किल्ल्यांना लावून मोटारींच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसात नेली आणि माझं नशीब उघडलं. तोवर मी तिथे मोजमाप खात्यातला तो भारतीय होतो. आता लोक कॅन्टीनमध्ये थांबवून विचारू लागले, माझी कधी? कोणाला वेंगेची हवी, कोणाला लाल. मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू. शनिवारी सकाळी चहा घेऊन खाली उतरलो की जेवायलाच वर यायचो.

बायको वर असायची. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गावात गाडीशिवाय माणसाला पाय नसतात. मुलगी शाळेत जायची. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये द्यायची. बायको जर्मनच्या वर्गाला नेमाने जायची, घरी व्याकरण गिरवायची, पण बाहेर तोंड उघडायची वेळ आली की माझ्याकडे बघायची. आपलं चुकलं तर लोक हसतील असं तिला वाटायचं. मी तिला त्यावरून चिडवायचो. तिच्या जागी मी असतो तर वेडा झालो असतो, पण हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

ऑक्टोबरात एका रविवारी अंघोळ करून ती बाहेर आली आणि म्हणाली, अहो, इथे गाठ लागतेय का बघा. डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला. लागत होती. वाटाण्याहून मोठी आणि दुखत नव्हती. तिने पुण्याला आईला फोन केला. मुलगी अंगावर पीत असताना बायकोला त्याच जागी दुधाची गाठ झाली होती आणि तेव्हा सासूबाईंनी रक्तचंदन उगाळून लेप लावला होता. चार दिवसांत गाठ बसली होती. त्यामुळे सासूबाईंनी तेच सांगितलं. सहाण तर घरात होतीच. येताना सामानाचं वजन जास्त झालं म्हणून मी माझे बूट काढून ठेवले होते, पण मुलीच्या गुटीसाठी म्हणून तिने सहाण आणली होती. रक्तचंदनाचं खोड मात्र नव्हतं.

ते मी दिलं. कोणी मागितलं नव्हतं, मला आपली हुशारी सुचली. पाडुक आणि रक्तचंदन एकाच कुळातली, हे मी म्हाताऱ्याच्या लाकडांच्या पुस्तकात वाचलं होतं. तळघरात जाऊन एका अर्धवट टिकीच्या पायाखालचा तुकडा कापून आणला, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला आणि तिच्या हातात ठेवला.

"हे रक्तचंदनच ना?" तिने विचारलं.

"सख्खं नाही, चुलत," मी म्हणालो. ती हसली आणि उगाळायला बसली.

लेपाचा रंग उतरला सुरेख. रोज अंघोळीनंतर ती लावायची, वाळेपर्यंत सैल गाऊनमध्ये बसायची. रविवारी मला हात लावून बघायला सांगायची. आठवड्यात किती फरक पडला ते बघायचं काम माझं. आणि हे काम माझ्याहून चांगलं कोणाला येणार होतं? कारखान्यात मी गाड्यांच्या दारांच्या फटी मोजायचो. दार आणि शेजारचा पत्रा यांच्यात सगळीकडे सारखं अंतर हवं. त्याला उपकरणं असतात, पण इतक्या वर्षांत माझा अंगठा नुसता फिरवला तरी केसभराचा फरक मला कळायचा. साहेब पाहुण्यांसमोर माझ्याकडून ते करून दाखवायचे.

दुसऱ्या रविवारी गाठ मोठी लागली. थोडी, पण मोठी.

"कमी झालीय ना हो?" ती म्हणाली.

"झालीय," मी म्हणालो.

का म्हणालो याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. नव्या मॉडेलचं काम सुरू होणार होतं, रजा मिळणं अवघड होतं. डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडे लागायचे. एकटी ती जाणार नव्हती, दुभाषा म्हणून मीच हवा. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं कारण नाही. मी घाबरलो होतो. बोटांखाली जे लागलं त्याला नाव मिळू नये असं मला वाटत होतं. कमी झालीय म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा, ती उठून पोहे करायची आणि मी तळघरात जायचो. तिथे बोटांखाली लाकूड असायचं. ते मला हवं तेवढंच कमी व्हायचं, वाढायचं कधीच नाही.

असे किती रविवार गेले ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. दर रविवारी मी तेच सांगितलं. मधे एकदा म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊन यायचं का? मी म्हणालो, बसतेय ना, मग कशाला? म्हणाली, बरं. त्या काळात मी सर्वांत चांगल्या टिकी कोरल्या. म्हातारा त्या हातात घेऊन फिरवून बघायचा आणि मान डोलवायचा. आता तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही म्हणाला, आणि मी वर येऊन ते तिला कौतुकाने सांगितलं.

शेवटी काखेतही गाठ लागली तेव्हा मीच डॉक्टरांची वेळ घेतली. दिवस लहान झाले होते, खिडक्यांत नाताळचे दिवे लागले होते. डॉक्टरीण मध्यमवयीन, शांत बाई होती. तिने कपडे बाजूला केले आणि थबकली. कातडी लालसर झाली होती. तिने आधी त्या रंगाचंच विचारलं. मी पाडुक म्हणालो. तिला काही कळेना. मग मी लाकूड म्हणालो. लाकूड पाण्यात उगाळून लावलं, असं सांगताना माझं जर्मन कधी नव्हे ते अडखळलं. डॉक्टरीण हसली नाही, रागावलीही नाही. ओला कापूस घेऊन तिने हळूहळू तो रंग पुसला आणि त्याखालची कातडी नीट पाहिली.

मग तिने विचारलं, "झाइट वान?" केव्हापासून?

मी बायकोकडे न बघताच सांगितलं, दोन-तीन आठवडे. शरमेने सांगितलं. भाषांतर करायचं म्हणून मी तिथे बसलो होतो आणि प्रश्न मी तिला सांगितलाच नव्हता.

"झाइट ऑक्टोबर," बायको म्हणाली.

मोठ्याने, स्पष्ट. लग्नानंतर परक्या देशात, परक्या माणसासमोर, मला न विचारता तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. डॉक्टरीण माझ्याकडून तिच्याकडे वळली आणि पुढचे सगळे प्रश्न तिने तिलाच, सावकाश, सोपे शब्द वापरून विचारले. मी खुर्चीवर बसून राहिलो. भिंतीवर बाळांचे फोटो लावले होते.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. तपासण्या, ऑपरेशन, औषधं, केस जाणं. काही महिने बरे गेले. त्या महिन्यांत ती एकटी बसने इस्पितळात जायला शिकली, नर्सशी गप्पा मारू लागली. चुका करायची आणि बिनदिक्कत करायची. मग ते यकृतात गेलं. मी इस्पितळातल्या डॉक्टरांना एकदा एकट्याला गाठून विचारलं होतं, ऑक्टोबरातच आलो असतो तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी कुठेतरी टेकलो असतो.

पुण्याहून एका मावशीने फोनवर सांगितलं की परक्या लोकांचे देव असे किल्ल्यांना अडकवायला कोरू नयेत, कोप होतो. मी फोन आपटला. ती बेटं, ते पूर्वज, त्यांना काय पडली होती आमची? कोप वगैरे काही नव्हता. गाठ होती, आणि मी होतो. सासूबाईंनी मात्र एकदाही लेपाचा विषय काढला नाही. शेवटच्या दोन महिन्यांसाठी त्या येऊन राहिल्या, आणि त्या घरात असताना मला सहाणेकडे बघवेना म्हणून मी ती एका टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. पटाशीला पुन्हा हात लावला नाही. म्हाताऱ्याने जिन्यात दोनदा विचारलं, मग तोही विचारेनासा झाला.

तिला शेवटी घरी आणलं होतं. दुपारची वेळ, मुलगी शाळेत, सासूबाई स्वयंपाकघरात पेज करत होत्या. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. पाय सुजले होते. मनात धरलं होतं की आज सांगायचं. गेले कित्येक दिवस रोज धरत होतो. तिच्याकडून क्षमा हवी होती असं म्हणवत नाही, पण मला ते एकट्याला पेलत नव्हतं. मी सुरुवातही केली. म्हणालो, तो लेप लावत होतीस ना, तेव्हा दर रविवारी मी...

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी हात थांबवला. मला वाटलं तिला कळलं नाही मी काय बोलतोय. म्हणालो, काय माहीत होतं?

"वाढत होती ते. माझंच अंग ना हो." श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात. मला वाटायचं, यांना कळतं. आपल्यालाच भास होतोय."

रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती समजूत घालत होती. सासूबाईंनी आतून विचारलं, पेजेत मीठ घालू का? तिने जरा मान उचलून सांगितलं, थोडंसं घाल.