पाथरशेतची काठी

इसमाचे नाव: रखमाजी. बापाचे नाव: मयत. वय: अंदाजे पंचावन्न, इसमाच्या मते साठ. राहणार: मौजे पाथरशेत, तालुका मावळ, जे गाव धरणाच्या पाण्याखाली असल्याने अस्तित्वात नाही. धंदा: सदर गावाची राखण. सदर गावाविषयी कोणाचीही जबाबदारी शिल्लक नाही.

१९३१च्या खानेसुमारीत हे टिपण लोणावळ्याच्या वाहिद मास्तरांनी केलं. पाण्याकाठच्या माळावर एक झोपडं दिसलं, म्हणून ते चढून आले होते.

पाथरशेत अकरा घरांचं. गावाची एक काठी होती. ती ज्याच्या घरी, त्याची आठ दिवस राखण. दिवेलागणीला त्यानं बाकीच्या दहा घरांना नावानं हाक द्यायची, घरानं आतून ‘हाय’ म्हणायचं. ओ आली नाही तर जाऊन बघायचं. काठी भुईवर ठेवायची नाही. पुढच्या घरानं हातात घेतली की पाळी सुटली. हा करार कोणी लिहिला नव्हता, त्यावर कोणाचा अंगठा नव्हता, आणि तो कोणी मोडल्याचं आठवतही नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी पाणी चढलं तेव्हा काठी रखमाजीकडे होती. पुढची पाळी सोपानाची. सोपान आदल्या सोमवारीच बिऱ्हाड घेऊन मुंबईला गिरणीत गेला, आणि तिकडेच वारला. बाकीची घरं पांगली. रखमाजी माळावर राहिला. रोज दिवेलागणीला पाण्याकडे तोंड करून दहा नावं घ्यायचा. ओ येत नसे, आणि जाऊन बघणं अवघड होतं.

“मास्तर, तुमी शिकलेलं. ह्यांना सांगा की,” त्याची बायको मुक्ताबाई म्हणाली. “मला आता चुलीतला इस्तू दिसंना. पोरगी परंदवडीला बोलावती. पर ह्यांची पाळी सरंना.”

मास्तरांनी पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढली होती. ती कुठे उपयोगी पडतील असं त्यांना प्रथमच वाटलं. ते खाटेवर बसले आणि समजावून सांगू लागले. माणूस जन्मतः मोकळा असतो. सगळे मिळून सुरक्षिततेसाठी करार करतात, आपले थोडे हक्क गावाच्या स्वाधीन करतात. गाव गेलं की करार गेला. हक्क ज्याचे त्याला परत.

“म्हंजी मी सुटलो?”

“सुटलातच, भाऊ. बाकीच्यांनी गाव सोडलं, तेव्हाच करार मोडला.”

“गेणूनं कुटं सोडलं? पानी यायच्या आदी मेला त्यो. तितंच जाळला. धोंडाबाई बी तितंच.” रखमाजीनं काठीनं पाण्यातली जागा दाखवली. “त्यांची राखण कुनी करायची?”

करारात मेलेल्यांसाठी कलम आहे की नाही, हे मास्तरांना आठवेना.

“बरं, मग काठी खाली ठेवा आणि चला.”

“कुनाच्या भुईवर? ही तर धरनवाल्यांची.”

“पुस्तकात न्हाई वाटतं ह्ये,” मुक्ताबाई म्हणाली.

मास्तर हसले. तिच्या डोळ्यांकडे पाहून त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडे. पुढची पाळी माझी.”

“कबूल?”

“कबूल.”

मोबदल्याच्या कागदावर अंगठा उठवायला रखमाजीला एवढा वेळ लागला नव्हता. त्यानं मास्तरांकडून दहा नावं दोनदा म्हणवून घेतली, आणि मगच मूठ सोडली.

दुसऱ्या दिवशी तो मुक्ताबाईला घेऊन परंदवडीला गेला. तिथं दोन वर्षं जगला. उजवी मूठ जरा मिटलेलीच राहिली होती, असं मुक्ताबाई सांगे.

मास्तरांनी ‘वस्तीची घरे: शून्य’ असं लिहून तक्ता पुरा केला. काठी त्यांनी खुंटीला टांगली. खाली ठेवायची नाही एवढं त्यांच्या लक्षात राहिलं. तिसऱ्या दिवशी दिवा लावताना ती दहा नावं त्यांच्या तोंडात आपोआप आली. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पाण्यावर गेले, एकदाच जाऊन प्रकरण मिटवायला. हाका दिल्या. शेवटच्या नावानंतर ते बराच वेळ थांबले, आणि का थांबलो हे त्यांना कधी नीट सांगता आलं नाही.

१९४१च्या खानेसुमारीत पाथरशेतचं नाव नाही. मास्तर आता कुसगावात राहतात. तिथून पाणी चालत तासाभरावर आहे.

रखमाजी दहा नावं घेत असे. मास्तर अकरा घेतात.