एक्केचाळीस कापलेली शेपटं

"यंत्र चुकलं. मी नाही," मास्तर म्हणाले, आणि चिखलीच्या मोबाईलवाल्यानं मेमरी कार्ड पुसून टाकायला बोट उचललं. मी त्याचं मनगट धरलं.

"आजी, सोडा ना. फायली खराब हाय. फॉरमॅट मारला की कार्ड नव्यासारखं होते."

"अन् आतलं?"

"ते जाईन."

"मंग तुह्या दुकानालेच मार फॉरमॅट," मी म्हटलं आणि कार्ड काढून घेतलं.

त्यात मास्तरांचा आवाज होता. आमच्या म्हाताऱ्याची नजर साखरेनं गेली, तेव्हापासून शेजारचे मास्तर रोज दुपारी त्याला एक जाडजूड प्रवासाचं पुस्तक वाचून दाखवत. मग मास्तरांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा उरलेलं पुस्तक त्यांनी स्वतःच्या मोबाईलमध्ये वाचून ठेवायला घेतलं. बेचाळीस भागांचे एक्केचाळीस झाले होते.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. लग्नपत्रिका हातात पडली की मास्तर आधी खिशातलं लाल पेन काढायचे. माझ्या किराण्याच्या यादीला एकदा दहापैकी चार गुण दिले. मी म्हटलं, "चौथीच शिकली मी, चार बरोबर हाय." हसले नाहीत. "वहिनी, अक्षर सुधारा," म्हणाले. स्वतःची चूक मात्र तीस वर्षांत कबूल केली नाही. भाजी करपली तर स्टोव्ह चुकला, एसटी हुकली तर ड्रायव्हर चुकला.

ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी कार्ड आणून दिलं. म्हाताऱ्याच्या मोबाईलमध्ये घातलं, तर एकही भाग लागेना. प्रत्येकावर तेच, फाईल ओळखता येत नाही. मी मोबाईल बंद करून चालू केला, कार्ड पदरानं पुसलं, दुसरा प्लेअर टाकला. एकीकडून मास्तर, "यंत्र चुकलं." खाटेवरून म्हातारा, "लागलं का वं?" डोकं उठलं माझं. दुसऱ्या दिवशी मास्तरांना जीपमध्ये घालून चिखलीला नेलं, तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

परत आलो. शेवटचा भाग वाचायचा होता आणि आवाज पार बसलेला. मास्तरांनी तो म्हाताऱ्याच्याच मोबाईलवर कसाबसा वाचला, बाजूला ठेवला आणि पाणी प्यायला उठले. मी बोट लावलं. लागला.

मी नावं नीट पाहिली. या भागाच्या नावामागं एक टिंब होतं, टिंबापुढं इंग्रजी अक्षरं. कार्डातली नावं सुबक होती, भाग पहिला, भाग दुसरा. मागं काहीच नाही.

"मास्तर, यायची शेपटं कुठं गेली?"

"मी खोडली. मराठी नावाला ती घाण कशाला?"

"ती घाण हाय म्हणून तर हा लागला! लावा परत."

पहिल्या भागाला लावली. मोबाईलमध्ये कोंबडा आरवला, मागून मास्तरांचा आवाज आला. म्हातारा खाटेवर उठून बसला.

मला वाटलं, आता तरी म्हणतील. मास्तरांनी चष्मा पुसला. "दहापैकी दहा, वहिनी," एवढंच म्हणाले. मग उरलेली चाळीस शेपटं त्यांनीच एकेक करून लावली. पान उलटावं तसं दर वेळी बोट जिभेला लावत आणि दर वेळी ओली काच मी पुसत होते.

ऑपरेशनमध्ये आवाज गेला. त्यानंतर वर्षभर मास्तर पाटीवर लिहून आमच्या चुका काढत होते.

सतराव्या भागात एका ठिकाणी ते अडखळतात. थांबतात. हळूच म्हणतात, "चुकलो," आणि ओळ पुन्हा वाचतात.

"ऐकलं का?" म्हातारा म्हणाला.

"ऐकलं."

मास्तर तेव्हा शेजारी त्यांच्या ओट्यावर बसले होते. आम्ही त्यांना सांगितलं नाही.

आधी मास्तर गेले. यंदा म्हातारा गेला. ते ऐकलेली आता मी एकटी आहे.