देवाच्या फोटोमागची पाटी

"चारही वेळा सकाळी आठ ते सव्वाआठच्या मध्ये," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा तुम्ही काय करता?"

"देवाला अगरबत्ती लावतो."

ते हसले नाहीत. माझ्या छातीत पेसमेकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके चालू ठेवणारे छोटे यंत्र. त्यात गडबडीची नोंद राहते. घाटकोपरच्या दवाखान्यात तीन तास बसल्यावर ती कागदावर आली. निदान होते इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफेरन्स. जवळच्या विजेच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पेसमेकरला हृदयाचे ठोकेच वाटते आणि तो स्वतःचे काम थांबवतो. म्हणून मला घेरी येत होती. चौथ्यांदा मी कोसळलो.

मुलुंडच्या कारखान्यात मी माल तपासतो. चुंबकीय क्षेत्राने सळया तापवणाऱ्या इंडक्शन हीटरच्या पॅनेलमागे, भिंतीवर देवाचा फोटो टांगलेला होता. पहिला येणारा पॅनेलवर ओणवा होऊन अगरबत्ती खोचायचा. मी घरातला पहिला पदवीधर. मॅनेजरसाहेबांनी नोकरी दिली याचेच उपकार वाटायचे, म्हणून रोज पहिला यायचो. एरवी हीटर साडेआठला सुरू होई. ऑर्डरची घाई असली की आठच्या आधीच. त्या चारही दिवशी तशीच घाई होती.

परत आल्यावर मी सगळ्यांना हे सांगितले आणि फोटो हीटरपासून लांब लावू या म्हणालो. फोटो हलवायला कोणी धजेना. शेवटी हीटर चालवणारे सावंतकाका स्टुलावर चढले. "देव काय त्या खिळ्याक बांधललो नाय रे झिला," म्हणाले आणि फोटो उतरवला.

मागे पिवळी पाटी होती: पेसमेकर असलेल्यांनी लांब राहावे.

मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "पाटी बघून पोरं घाबरायची. फोटोला कोणी हात लावत नाही ना." नोकरीच्या फॉर्मवर मी पेसमेकर लिहिला होता. तो त्यांनीच वाचला होता. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला: उपवासामुळे चक्कर आली. "सही कर. आम्हीच तुला उभा केला रे."

मला शिसारी आली. त्यांची, आणि दोन वर्षे खाली मान घालून 'होय साहेब' म्हणणाऱ्या माझीही. सही केली नाही. डॉक्टरांचा अहवाल कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात दिला. नोकरी राहील की जाईल, अजून माहीत नाही.

तुमच्याही छातीत असे यंत्र असेल, तर डॉक्टरांना आपल्या कामाची जागा नीट समजावून सांगा. मोठ्या मशीनजवळच्या भिंतीवर काही टांगलेले असेल, तर ते उचलून मागे बघा.

फोटो आता पाण्याच्या नळाजवळ आहे. मी तिथे हात जोडतो. आभार मानतो ते सावंतकाकांचे, आणि माझे उत्तर ऐकून न हसलेल्या डॉक्टरांचे. साहेबांचे मानणे मी सोडले.