मूळ बियाणे

गिरजाबाई गेल्या. दीड महिन्यापूर्वी देवळीच्या बस स्टँडवर त्यांची लेक सुनंदा भेटली, तेव्हा कळलं.

आणीबाणी उठली त्या सुमारास मी इथं मिरचीच्या सरकारी शेतावर नवाच लागलो होतो. गावठी मिरचीच्या एका वाफ्यात नाना तऱ्हा. कुठं झाड बुटकं, कुठं फळ लांब, कुठं जहाल तिखट. त्यातली चांगली झाडं निवडून पुढच्या वर्षी त्यांचंच बी लावायचं, हे माझं काम. फूटपट्टी घेऊन हिंडायचो. लांब फळाचं झाड पास, बाकीची उपटायची. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. गिरजाबाई तोडणीला रोजानं यायच्या. एका आखूड फळाच्या झाडाला मी हात घातला, तशा त्या आडव्या आल्या.

"सायेब, हे ठेवा. याले हात लावला का मिरची तुटून येते. तुमच्यावाल्या झाडासंग झगडा करा लागते."

मी हसलो आणि झाड उपटलं.

काही हंगामांनी माझी लांब मिरची शेतकऱ्यांकडे गेली आणि मी तोंडघशी पडलो. देठ असा चिवट की ओढला तर फांदीच मोडायची. तोडणाऱ्या बाया त्या शेतात पाय ठेवीनात. वरून जाब विचारणारं पत्र आलं, तेव्हा निमूट गिरजाबाईंच्या दारी गेलो. उपटलेल्या झाडाच्या मिरच्या त्यांनी तेव्हाच पदरात बांधून नेल्या होत्या. दर वर्षी परसात जी झाडं सहज देतील, त्यांचंच बी धरत आल्या होत्या. भेसळ म्हणून मी फेकत होतो, त्यातूनच त्या निवडत होत्या. टोमणा नाही की काही नाही, बी माझ्या ओंजळीत घातलं.

त्या बियाचा वाण मंजुरीला पाठवायचा अर्ज मी त्यांच्याच ओसरीवर भरला. 'मूळ बियाणे' या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक'. रोजंदारीच्या बाईचं नाव साहेबांना दाखवायची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. काय लिवलं, असं त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"तुमचं नाव," मी म्हणालो.

वाण मंजूर झाला, मला बढती मिळाली. सरकारी कागदावर आपलं नाव आहे, असं त्यांनी मरेपर्यंत साऱ्या गावाला सांगितलं, हे सुनंदाकडून त्या दिवशी स्टँडवर कळलं. मग तिनं विचारलं, "सायेब, तो कागद मले भेटन का? मायचं नाव पायचं होतं."

पाहतो म्हणालो आणि लागलेल्या गाडीत चढलो.

सुनंदा, तसा कागद नाही. मी तुझ्या मायशी खोटं बोललो. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितो आहे; छापून आलं की ते पान घेऊन मी स्वतः येतो, मग तुला काय बोलायचं ते बोल. ते बियाणं गिरजाबाई सुदाम वानखेडे यांचं होतं.