फरशी संपली तिथं आमची वस्ती

चमत्कारिक नकाशांची हौस असणारी माणसं हल्ली पुष्कळ भेटतात. कुणी शहराचा नकाशा वासांवरून काढतं, कुणी गल्लीतल्या कुत्र्यांवरून. मी वाशिमला शाळेत भूगोल शिकवते, म्हणून ही मंडळी मला असले नकाशे मोबाइलवर पाठवतात आणि खाली लिहितात, 'किती गोड ना!' गोड असतात, मी कुठं नाही म्हणते? मलाही त्यांच्यावरून बोट फिरवत बसावंसं वाटतं. पण एकदा मी स्वतः असा नकाशा काढला आहे, आणि त्याचा कडवटपणा अजून तोंडातून गेलेला नाही.

तेव्हा मी कॉलेजात होते. आमचं गाव रिठदच्या बाजूला. गावात पाण्याची योजना येणार होती आणि योजनेच्या साहेबांचं म्हणणं होतं की गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच काढायचा. तोही कागदावर नाही, जमिनीवर, रांगोळीनं. देवळाच्या सभामंडपाची फरशी गुळगुळीत, म्हणून जागा ती ठरली. सरपंच नाला ओलांडून आमच्या बौद्ध वस्तीत आले आणि दारातूनच आईला म्हणाले, "तुह्या पोरीच्या हाताले वळण हाय. धाड तिले." आई केवढी हरखली! आपली मुलगी सभामंडपात बसून गावाचं काम करणार, याचंच तिला अप्रूप. ती स्वतः मात्र आली आणि पायऱ्यांखाली उभी राहिली. कुणी अडवलं नव्हतं. आमच्या बायका तिथंच उभ्या राहत आल्या आहेत.

"देवळापासून सुरुवात करा, म्हणजे सगळ्यांना ओळखू येईल," साहेब म्हणाले. मी देवळापासून सुरुवात केली. घरांना सोयाबीनचे दाणे, विहिरींना बांगड्या, रस्त्यांना चुलीतली राख, नाल्याला कपड्यांची नीळ. एका म्हाताऱ्यानं झाडांसाठी निंबाच्या डहाळ्या आणून दिल्या. खरं सांगते, मला भूल पडली. जन्मभर पायाखाली असलेलं ते धुळकट गाव वरून पाहिलं तर इतकं देखणं दिसत होतं की माझा माझ्यावर विश्वास बसेना. लोक वाहवा करत होते आणि मी हुरळून एकेक घर मांडत होते. सरपंचांच्या अंगणातली तुळससुद्धा काढली.

नाल्यापाशी पोचले आणि फरशी संपली. नाल्यापलीकडे आमची वस्ती. तिथं हातपंप एकच, तोही होळीनंतर कोरडा पडायचा. म्हणजे पाण्याची खरी गरज आम्हालाच. सगळं पुसून, लहान करून पुन्हा काढायला हवं होतं. हे मला नंतर नाही, तेव्हाच कळलं होतं. पण इतका सुंदर उतरलेला नकाशा पुसायचं जिवावर आलं. उरलेले दाणे मी वरच्या पायरीवर दाटीवाटीनं मांडले आणि वस्ती उरकली.

"पोरी, आपले घरं पायरीवर काहून?" आईनं खालून विचारलं.

"जागा नाही उरली, माय. नकाशातच हाय ते."

लोक पाहायला चढले, उतरले. साहेबांनी स्टुलावर उभं राहून फोटो काढला. फोटोत अख्खी फरशी आली, पायरी आली नाही. तो फोटो आराखड्याला जोडला, खाली गावकऱ्यांच्या सह्या झाल्या आणि नकाशा काढणारी म्हणून माझीही. मी चांगली वळणदार केली.

पाइपलाइन नाल्याच्या अलीकडे थांबली. वस्तीतले लोक विचारायला गेले तेव्हा त्यांना फोटो दाखवण्यात आला. वस्ती आराखड्यात नव्हती. त्यानंतर आमच्या बायका हंडे घेऊन नाला उतरायच्या, चढायच्या आणि गावातल्या नळावर सगळ्यांत शेवटी नंबर लावायच्या. मी सरपंचांना शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, वर्षानुवर्षं दिल्या. पण दाणे माझ्या बोटांनी ठेवले होते. वस्तीत मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. आईसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

गेल्या वर्षी योजना वाढवायचं ठरलं. साहेब नवे, सरपंच नवे. बोलावणं मात्र मलाच. "मॅडम, तुमच्यावानी नकाशा कोणाले जमत नाही." मी गेले. या वेळी फरशीच्या मधोमध आमचा हातपंप मांडला. त्याच्याभोवती वस्ती, एकही घर न सोडता. मग नाला, मग गाव, चांगलं ऐसपैस. फरशी संपली तेव्हा देवळाची पाळी आली. ते मी पायरीवर मांडलं.

बोट उचललं नाही तोच ओरडा झाला.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या? देऊळ पायरीवर? लोकाइच्या पायाखाली?"

"जागा नाही उरली," मी म्हणाले. "नकाशातच हाय ते."

कुणी ऐकून घेतलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एकानं झाडू आणला आणि आमची घरं, हातपंप, नाला, सगळं एका ढिगात लोटलं. मग दुसऱ्या एका मुलीला बसवून देवळापासून सुरुवात करायला सांगितलं.

मी तणतणत पायऱ्या उतरले. आई खाली उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. आम्ही नाल्यापर्यंत चालत आलो. उतारावर ती थांबली.

"म्हंजे पायरीवरचं दिसते त्याइले," ती म्हणाली. "मले इतके वरीस वाटे, तिथलं दिसतच नसन."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले बी दिसलं होतं ना तवा?"

मी हो म्हणाले.