बारा सारख्या रेषा

धुकं असं दाट उतरलं होतं की समोरच्या घराचं दार दिसत नव्हतं, नुसती त्याची कडी वाजलेली ऐकू यायची. असल्या हवेत सरस वाळत नाही, लाकूड फुगतं आणि गिऱ्हाईक मात्र वेळेवर येतं. म्हणून जिनेवाला सकाळीच खालच्या कारखान्यात उभा होता. नव्या घरासाठी केलेल्या पायऱ्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. एकेकीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, पट्टी लावायची, पुढं सरकायचं, असं त्याचं चाललं होतं.

पट्टी न लावताही त्याला कळत असे, पण लावायचा. उभा जन्म त्यानं जिने केले. कपाट करणारा थोडा चुकला तर दार कुरकुरतं, पण जिना करणारा चुकला तर माणूस तोंडावर आपटतो, असं तो सांगायचा. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढं डोळे मिटून चढतो. त्यातली एक जरी बोटभर उंच निघाली, की आटोपलं. त्याच्या जिन्यावर कुणी अडखळलेलं गावात कुणाला आठवत नव्हतं. या गोष्टीची त्याला घमेंड नव्हती असं म्हणता येणार नाही. चांगली पोटभर होती.

बायको चहा घेऊन आली. कपाला जागा करायला तिनं भुसा फुंकला आणि म्हणाली, "वरचा आवाज बंद झालाय. ध्यानात आलं का?"

"कसला?"

"कसला म्हणजे? तुमच्या लाडक्या फळीचा."

फळी म्हणजे गिटार. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची असते ती. तिच्या तारा बोटांनी दाबत नाहीत, त्यांच्यावरून पोलादाची गुळगुळीत कांडी फिरवतात. ती त्यानं स्वतः केली होती, धाकट्या बहिणीसाठी. बहीण वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि पलीकडच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायची. डोकं पिकायला आलं तरी तो तिला अजून 'बारके' म्हणायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. उरली नुसती खरखर, चाळणीतून कोंडा पडावा तशी. कानांतही मधूनमधून शिट्टी वाजायची. शाळेनं तरी तिला ठेवून घेतलं, कारण सुरांचा कान शाबूत होता. मोठ्या मुली गायच्या आणि बाई हातानं दाखवायच्या, चढव, उतरव, थांब. मग एकदा शाळेची पेटी वाद्यवाल्याकडे दुरुस्तीला टाकायला ती गेली. (ती पेटी अजून तिथंच होती. वाद्यवाला पेटी घेताना 'उद्या' म्हणायचा आणि मागायला गेलं की 'परवा'.) तिथं कुणीतरी ही मांडीवरची गिटार वाजवून बघत होतं. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत गेली, मध्ये कुठं सांधा नाही, जोड नाही. बारकी घरी आली ती तापात असल्यासारखी.

"दादा, तो गळा आहे रे," ती म्हणाली. "लाकडाचा, पण गळा."

तिला ती विकत घ्यायची होती. दादा मोठ्या रुबाबात वाद्यवाल्याकडे बघायला गेला आणि नाक मुरडून परत आला.

"एक फळी, सहा तारा, सहा खुंट्या. त्याला काय विकत घ्यायचं? आणि कामही कसलं? रेषासुद्धा सारख्या नाहीत. खाली लांब लांब आणि वर दाटीवाटीनं. कारखान्यातला गडी घाईत असणार."

"अहो, त्या तशाच असतील," बायको म्हणाली होती.

"हो, तू मोजायला बसली होतीस."

वाद्यवाल्यानं रेषांचा कागदच देऊ केला होता. "मी पट्टी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं धरलीय," असं सांगून यानं तो तिथंच ठेवला. खुंट्या, तारा आणि तारांचा आवाज पकडायची चुंबकाची डबी तेवढी घेतली, आणि दोन गोष्टी विचारून घेतल्या. तारेची लांबी किती, आणि बारावी रेषा कुठं येते? तार बरोबर अर्धी होते तिथं, असं उत्तर मिळालं. त्याला तेवढं पुरलं.

गिटार मात्र केली देखणी. एका जुन्या कठड्याचं सागवान त्यानं जपून ठेवलं होतं, ते काढलं. बारकीला खुर्चीत बसवून गुडघ्यांचं माप घेतलं. खालच्या बाजूला असा खोलगट घाट दिला की मांडीवर ठेवली की ती हलायची नाही. एक तार छेडली की आवाज इतका वेळ टिकायचा की बायको म्हणायची, "अहो, पुरे म्हणावं तिला आता." आणि अर्ध्या तारेपर्यंत त्यानं बारा रेषा ओढल्या, एकसारख्या अंतरावर. केसाचाही फरक नाही.

ही गोष्ट झाली पावसाळा संपताना. तेव्हापासून रोज संध्याकाळी वरून आवाज यायचा. आता आठवडा झाला, नव्हता.

"दमली असेल," जिनेवाला म्हणाला.

बायकोनं चहाचा रिकामा कप उचलला, पण गेली नाही. "तुम्हाला सांगू नका म्हणालीय. उद्या ती शाळेच्या मोठ्या बाईंना सांगणार आहे, दुसरं कुणी बघा म्हणून. वर्ग सोडतेय."

"का?"

"कान गेला म्हणते. गिटारीवर पंचमाच्या रेषेवर कांडी ठेवते, तर तिला पंचम ऐकू येत नाही. उतरलेला वाटतो. खालचा सा बरोबर, वरचा सा बरोबर, मधलं सगळं वाकडं. आधी वाटलं हात बसला नाही. मग म्हणाली, दादाचं माप चुकायचं नाही, म्हणजे माझाच कान. मग बसली रोज कान त्या रेषांना लावत." बायकोनं कप दुसऱ्या हातात घेतला. "परवा वर्गात एक पोरगी गात होती. हिनं तिला थांबवलं, चढा लागतोय म्हणून खाली आणायला लावलं. तर मोठी मुलगी हळूच म्हणाली, बाई, तिचं बरोबर आहे. सगळा वर्ग हिच्याकडे बघायला लागला. घरी येऊन जेवली नाही."

जिनेवाल्यानं हातातल्या पायरीला पुन्हा पट्टी लावली. आकडा तोच होता. पायरी खाली ठेवून त्यानं टोपी घातली.

"सरस झाकून ठेव," म्हणाला आणि धुक्यात निघून गेला.

वाद्यवाला त्याला बघून म्हणाला, "पेटी ना? परवा."

"पेटी मरू दे. ती मांडीवरची काढ."

विकतची गिटार फळकुटावर ठेवली गेली. जिनेवाल्यानं घडीची पट्टी उघडली. पहिली रेषा, दुसरी, तिसरी. प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडंसं लहान होतं. घाईत काढलेल्या रेषा अशा नसतात. घाईत काढलेल्या कुठंही जातात. या एका शिस्तीत लहान होत गेल्या होत्या.

"का?" त्यानं विचारलं.

"अहो, तार लहान होते ना. पहिला सूर चढायला तारेतला एक ठरावीक वाटा कापायचा. मग उरली तिच्यातला तेवढाच वाटा. मग उरली तिच्यातला. तार आखूड होत जाते, तसा वाटाही आखूड. तुम्ही कशा काढल्यात?"

जिनेवाल्यानं पट्टीची घडी घातली. वाद्यवाल्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पट्टीकडे, आणि त्याला हसू आवरेना.

"जिना केलात होय?"

"हस. मनसोक्त हस."

"आता हीच घेऊन जा," वाद्यवाला डोळे पुसत म्हणाला. "बहिणीला सांगा, तुमची जड झाली होती. कशाला बोभाटा? कुणाला कळायचंय?"

खरं सांगायचं तर जिनेवाल्याला ते पटलं. त्यानं विकतची गिटार काखेत मारली आणि दाराबाहेरही पडला. धुक्यातून चालताना ती वरचेवर निसटत होती. कोपऱ्यावरच्या नळापाशी ती नीट धरायला तो थांबला. नव्या गिटारीवर सूर लागतील, बारकी वाजवेल, ते ठीक. पण ती म्हणेल, आज कान बरा दिसतोय. उद्याचं काय माहीत? त्या पोरीला गप्प केलं ते कानाच्याच माथी राहील. एकदा अडखळलेला माणूस त्या जिन्यावर कठडा धरूनच चढतो, पायरी नंतर कितीही नीट केली तरी. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो मागे फिरला. गिटार फळकुटावर ठेवून म्हणाला, "तो कागद दे."

बारकी खिडकीशी बसली होती. गिटार भिंतीला टेकून उभी, तिच्यावर चादर टाकलेली. दादानं चादर काढली, गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसला.

"मला नको रे आता," ती खरखरत म्हणाली.

"बारके, माप चुकलंय."

"कुणाचं?"

"माझं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या बायकोनंही ऐकलं नव्हतं, आणि ती अशी टेकली की आता इथून हलणार नाही.

"काहीतरी बोलू नकोस," बारकी म्हणाली. "वहिनींनी सांगितलं वाटतं. मला बरं वाटावं म्हणून तू..."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही बोललोय?"

"तेही खरंच," बायको दारातून म्हणाली.

त्यानं कागद दाखवला नाही, खिशातच राहू दिला. कानामागची पेन्सिल काढली. "डोळे मीट. रेषा बघायच्या नाहीत. तुला जिथं सूर लागतो तिथं कांडी थांबव आणि सांग. मी खूण करतो."

तिनं कांडी हातात घेतली. मग डोळे मिटले. तार छेडली आणि कांडी हलकेच वर सरकवत नेली. पंचमाच्या रेषेवरून ती न थांबता पुढं गेली. तिथं पोचल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली, आणि थोडं पुढं गेल्यावर आठी सुटली.

"इथं?" तिनं विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

"मला काय विचारतेस? मला सुरातलं काय कळतं, मी जिनेवाला."

"इथं," ती म्हणाली.

त्यानं खूण केली. मग मध्यम. मग धैवत. एकेक सूर ती शोधत गेली आणि तो खुणा करत गेला. खोलीत तारेचा आवाज आणि पेन्सिलीची खरखर, बाकी काही नाही. काही सुरांना ती दोनदा परत आली. निषादाला म्हणाली, "थांब, घाई करू नकोस," आणि हा मुकाट थांबला.

सगळं झाल्यावर त्यानं कागद काढून खुणांशेजारी पसरला. खुणा कागदावरच्या रेषांसारख्याच खाली सैल आणि वर दाट होत गेल्या होत्या. पंचमाची खूण बरोबर कागदाच्या रेषेवर. मध्यमही तसाच. बारकीनं डोळे उघडून बघितलं आणि कागदावर बोट फिरवत गेली, एकेक करून. गांधारापाशी बोट थांबलं. तिची खूण कागदाच्या रेषेपेक्षा किंचित खाली होती.

"हा चुकला बघ," ती हळूच म्हणाली.

"परत लाव."

तिनं डोळे मिटून परत लावला. कांडी पुन्हा तिथंच थांबली, पहिल्या खुणेवर. मग तिनं कागदाच्या रेषेवर नेऊन ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि परत खाली आणली.

"नाही. हा छापलेला कोरडा वाटतो. इथंच गोड लागतो." आणि आता तिनं विचारलं नव्हतं. "कागद राहू दे, दादा. तू इथं ओढ."

त्यानं पटाशीनं जुन्या रेषा खरवडायला घेतल्या. स्वतःच्या हातानं स्वतःचंच काम खरवडायचं होतं, पण खरवडलं स्वच्छ. नव्या रेषा काटकोनाचा गुण्या लावून ओढल्या. गांधाराची तिनं सांगितली तिथं.

"त्या पोरीला उद्या वर्गासमोर सांगायला हवं," बारकी म्हणाली. "तिचं बरोबर होतं म्हणून."

"आणि मोठ्या बाईंना?" वहिनीनं विचारलं.

"त्यांना काय सांगायचंय?" बारकी म्हणाली आणि कांडी उचलली. "एवढंच, की पेटी परवा येतेय."

"अहो," बायको नवऱ्याला म्हणाली, "मोजमाप झालं असेल तर ते वाटाणे सोला. माझे हात गुंतलेत." हात तिनं पदराला पुसले होते आणि ते कशातही गुंतले नव्हते. तरी वाटाण्यांची टोपली पुढ्यात ओढून जिनेवाला जमिनीवर मांडी घालून बसला आणि शेंगा फोडायला लागला. मागे पंचम लागला, टिकला, आणि तिथून वर सरकला. एक शेंग किडकी निघाली. ती त्यानं बाजूला टाकली आणि पुढची घेतली.